थेंब कुठून निंगते

बाबांनी ऐंशीच्या दशकात जुना बी-२७५ घेतला, तेव्हा आमच्या काटोलकडच्या गावात बैलजोडीचाच जमाना होता. हा ट्रॅक्टर मूळचा इंग्लंडमधल्या ब्रॅडफोर्डचा, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा. १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि १९६५ पासून तो भारतातच तयार होऊ लागला. आमच्या वावरात आला तोवर त्याचा लाल रंग विटला होता आणि डिझेल गळत होतं. बाबा खाली वनस्पती तुपाचा रिकामा डबा ठेवत. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसरात्रीत दोन लिटरच्या वर जातं, हा हिशेब मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला होता.

टाकीखालचा कॉक, फीड पंप, फिल्टर, मायको कंपनीचा मोठा पंप, तिथून नोझलपर्यंत गेलेल्या लोखंडी नळ्या आणि उरलेलं डिझेल परत नेणारी बारीक नळी. डिझेलचा सगळा प्रवास हाताच्या टप्प्यात आहे. पण थेंब सुटतो एकीकडे आणि पडतो भलतीकडेच. नळीच्या पोटाला चिकटून उताराने सरकत येतो आणि वळण आलं की खाली पडतो. गावातले मिस्त्रीकाका मला म्हणत, "बाई, थेंब कुठं पडते ते नको पाहू, कुठून निंगते ते पाय." मग ते सगळं इंजिन फडक्याने कोरडं पुसून घेत, जोडांवर खडूची भुकटी भुरभुरत आणि इंजिन सुरू करायला लावत. थोड्या वेळाने पांढऱ्या भुकटीत एक ओली रेघ उमटे. तिचं वरचं टोक, तेच गळतीचं ठिकाण. खडू मी शाळेतून आणलेले असत आणि बॅटरी धरायचं कामही माझंच असे.

बहुतेक वेळा दोष तांब्याच्या वायसरचा निघे. बोल्ट आवळून आवळून तांबं कडक होतं, आणि कडक झालं की ते जोडात नीट बसत नाही. लोक मग पाना अजून जोरात ओढतात आणि आटेच जातात. काका वायसर तारेत ओवून विस्तवावर धरत. लाल झालं की पाण्यात सोडत. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मात्र मऊ पडतं. मग बारीक पॉलिश पेपरवर गोल गोल घासून काजळी काढायची. बोटाने चाचपलं तर कुठे खड्डा लागता कामा नये. नवं वायसर आणायला तालुक्याला जावं लागे, हे तिथल्या तिथे अर्ध्या तासात होई. पेरणीच्या दिवसांत या अर्ध्या तासाची किंमत कास्तकारालाच कळते.

टाकीला बारीक चीर गेली तर कपडे धुण्याचा साबण घासून तेवढ्यापुरतं काम भागे. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही.

पुढे नागपूरला नोकरी लागली, तरी शेत सोडलं नाही. बाबांनंतर ट्रॅक्टर माझ्याकडे आला. तेव्हा कळलं की डोळ्यांना दिसणारी गळती बरी. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की सैल जोडातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली एक थेंब नाही आणि इंजिन मात्र धुऱ्यावर पोचण्याआधीच बंद. मग ब्लीडिंगचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत बसायचं, फेस संपून सलग धार येईपर्यंत. दुसरी लपलेली गळती पंपातून ऑइलमध्ये उतरते. ऑइल न घालताही डिपस्टिकवरची पातळी चढलेली दिसते, ऑइल पातळ होतं, डिझेलचा वास मारतं. वर चढलेलं ऑइल पाहून खूश होणारे मी पाहिले आहेत. त्यांना मी कळवळून सांगते की बाबांनो, तसंच चालवाल तर बेअरिंग खाल.

आणि नोझलच्या नळीवर चालू इंजिनात बोट कधीच लावू नये. मागच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण एक बार असतो, या नळीत दोनशेच्या आसपास. न दिसणारा फवारा कातडी भेदून आत जातो. तिथे पुठ्ठा धरून पाहायचं.

एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं. त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त दहाच भाग. हवेसाठी ते चांगलंच. पण अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा पंपांच्या जुन्या रबरी सीलांतून गळती सुरू झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगलेलं रबर नव्यात आकसतं, आणि म्हाताऱ्या रबराला ते झेपत नाही. म्हणून मी पंप मायकोवाल्याकडे नेऊन सगळे सील बदलून घेतले.

नवा का घेत नाही, असं घरचेही विचारतात. नागपुरात हिंगणा एमआयडीसीतच महिंद्राचे नवेकोरे ट्रॅक्टर बनतात. पण जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्या इंधनाच्या कामात इलेक्ट्रॉनिक्स शिरलं. त्यात बिघाड झाला की लॅपटॉपवाल्याची वाट पाहायची. माझ्या मते, चार एकरवाल्याच्या हातात स्वतःचं यंत्र स्वतः खोलण्याची ताकद राहिली पाहिजे. मृग तर कुणासाठी थांबत नाही.

सध्या परतीच्या बारीक नळीचा जोड घामेजलेला दिसतो आहे. भाची सुटीत आली आहे, तिला खडू आणायला सांगितलं आहे. वायसर तिच्याकडूनच तापवून घेणार आहे.