पुढचं माहीत नसताना

लेकीचा ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर जवळ आला होता. रात्री वही पुढे सरकवून म्हणाली, "अम्मी, एवढे तक्ते तपासून दे ना. आकडेच आहेत, जमेल तुला." मी उर्दू-मराठी शिकवणारी बाई, पण तपासायची सवय हाडात मुरलेली. बसले.

मामला साधा आहे. कॉम्प्युटरच्या मेमरीत जागा थोडी. समजा, तीनच पानं मावतात. चौथं मागितलं की आतलं एक बाहेर काढायचं. मागितलेलं पान आत नसेल तर ते डिस्कवरून आणावं लागतं, वेळ जातो. हा पेज फॉल्ट. मग काढायचं कोणतं? फीफो म्हणतं, सर्वांत आधी आलेलं. एलआरयू म्हणतं, ज्याला सर्वांत जास्त वेळ कुणी हात लावला नाही ते. लास्लो बेलाडी यांनी 1966 साली अभ्यासलेली पद्धत म्हणते, ज्याची गरज सर्वांत उशिरा पडणार आहे ते. हिच्याहून चांगली पद्धत नाही. फक्त तिला पुढच्या सगळ्या मागण्या आधीच ठाऊक हव्यात. गैबचं इल्म आपण तर अल्लाहखेरीज कुणाकडे मानत नाही!

वहीतला क्रम होता 1, 2, 3, 4, 1, 2, 5, 1, 2, 3, 4, 5. तीन जागांत एलआरयूचे 10 फॉल्ट, फीफोचे 9, बेलाडींचे 7. पुढच्या तक्त्यात जागा चार केलेल्या, आणि फीफोचे फॉल्ट 9 वरून 10! मी लाल पेन उचललं. लेक हसली, "चूक नाही अम्मी, यालाच बेलाडींची विसंगती म्हणतात." मी बोटांवर मोजून पाहिलं. खरंच 10. एलआरयूचे मात्र 8 वर आले होते.

"मग मार्क कुणाला जास्त?"

तिने सांगितलं, 1985 साली स्लीटर आणि टार्जन यांनी या पद्धतींची तुलना थेट त्या पुढचं दिसणाऱ्या पद्धतीशी केली. तीन जागा असतील तर फीफो आणि एलआरयू दोघांचेही फॉल्ट वाईटात वाईट तिच्या तिप्पट. आणि पुढचं न दिसणारी, ठरलेल्या नियमाने चालणारी कोणतीच पद्धत याहून चांगली हमी देऊ शकत नाही. म्हणजे कागदावर दोघं सारखे. प्रत्यक्षात एलआरयू बहुतेकदा सरस, कारण प्रोग्रॅम नुकतंच वापरलेलं पुन्हा मागतो.

हे ऐकताना माझं लक्ष वहीवरून उडालं होतं. लेक इंग्रजी शाळेत. लहानपणी मी तिला अलिफ-बे शिकवलं होतं, पण चौथीत अभ्यास वाढला तशी उर्दूची वही मागे पडली. रोज लागत नव्हती, म्हणून काढली. गेल्या रमजानमध्ये नानांच्या पेटीत त्यांची पत्रं निघाली, तिला एक ओळ वाचता येईना. "दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतेस आणि मला?" म्हणाली होती. तेव्हा मी गप्प राहिले होते.

त्या रात्री म्हटलं, "मीही एलआरयूच चालवलं गं."

ती हसली नाही. "एलआरयूचं पान डिस्कवर असतं, अम्मी. परत आणता येतं."

शुक्रवारी तिचा पेपर. शनिवारी पहिलं पत्र काढायचं ठरलंय. नानांचं अक्षर मात्र फार गिचमिड, मलाही लावून वाचावं लागतं.