नळी, माशी आणि मर्यादा

हरणाच्या शिकारीविषयी या पानांत लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय आपल्या घरांतून हद्दपार झाला आणि ते योग्यच झाले. परंतु अमेरिकेतील ज्या आयोवा राज्यात आम्ही उभयतांनी संसार थाटला, तेथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आटोक्यात राहावी म्हणून शासन स्वतःच शिकारीचे परवाने देते. डिसेंबरात मक्याची शेते मोकळी झाली की माणसे नारिंगी जाकिटे चढवून बाहेर पडतात. आमच्या चिरंजीवांनीही परवाना काढला आणि बंदुकीची निवड हा आमच्या जेवणाच्या मेजावरील विषय झाला.

प्रदेश सपाट, घरे विखुरलेली. रायफलीची गोळी फार दूर जाते, म्हणून तेथे दीर्घकाळ शॉटगनचाच नियम होता. २०१७ पासून काही मोजक्या रायफलींना मुभा मिळाली. तरी शॉटगनचे स्थान कायम आहे. हरणासाठी तीत छरे चालत नाहीत. एकच जड गोळी लागते. बारा बोअरची नेहमीची शिशाची गोळी सुमारे २८ ग्रॅमची असते.

नळ्या दोन प्रकारच्या. गुळगुळीत नळीसाठी जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ साली, तर अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ साली पुढील बाजूस अधिक भार असलेली गोळी घडविली. ती सरळ जाते खरी. पण साधारण ७५ वारांपलीकडे तिचा भरवसा ओसरतो. दुसऱ्या नळीत पेचदार आटे असतात. प्लॅस्टिकच्या वेष्टनातील गोळीला ते फिरकी देतात आणि शंभर वारांच्या पुढेही नेम टिकतो.

नेमाची साधनेही तशीच. नळीच्या टोकावरील एकटी माशी उडत्या पक्ष्यासाठी ठीक; मान किंचित उचलली तरी गोळी हरणावरून निघून जाते. मागे खाच आणि पुढे माशी असली की डोळा रेषेत येतो. दुर्बीण घ्यायची तर कमी शक्तीची आणि डोळ्यापासून अंतर राखणारी. अन्यथा बंदुकीच्या धक्क्याने भुवई फुटते.

चिरंजीवांना अर्थातच आट्यांची नळी आणि दुर्बीण हवी होती. शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने मात्र आपली जुनी, गुळगुळीत नळीची, खाच-माशीची बंदूक पुढे केली व कुंपणाला कागदी थाळी टांगली. ५० वारांवरून पाचही गोळ्या थाळीत बसल्या. ७५ वारांवरून दोन बाहेर गेल्या. “तुझी हद्द ५० वार,” म्हातारा म्हणाला. “थाळीबाहेरची गोळी म्हणजे पोट फुटलेले हरीण. ते रात्रभर कुठेतरी तडफडत राहते.”

मग आम्हांस उमगले, की नळी आणि माशी निवडताना आपण खरे तर चाप ओढण्याचे अंतर निवडत असतो. चांगली नळी ते वाढविते. पण त्याची हद्द थाळीच सांगते.

हंगामाच्या अखेरच्या सायंकाळी शेताच्या कडेला एक मोठा नर उभा राहिला. चिरंजीवांनी कुंपणाचे खांब मोजले. अंतर शंभर वारांच्या आसपास होते. त्यांनी बंदूक उतरविली, काडतुसे काढून खिशात टाकली आणि घर गाठले. त्या रात्री आम्ही तिघे डाळभात जेवलो.