व्याह्यांची बाटली

गतवर्षी दिवाळीपूर्वी आमच्या घरात एक विलक्षण प्रश्न उपस्थित झाला. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त फ्रान्स देशी असतो. तेथील एका सुशील मुलीशी त्याचा विवाह झाला असून तिचे वडील दिवाळीस पेठला आमच्या घरी यावयाचे होते. व्याह्यांना शाल-श्रीफळ द्यावयाचे ठरलेलेच होते. परंतु पुतण्याने कळविले की, नाशिकच्या तांबड्या वाइनची एक बाटली दिल्यास त्यांस जो आनंद होईल तो शालीने व्हावयाचा नाही. मात्र ती चांगल्या हातची असावी. भारी किमतीची असलीच पाहिजे असे नाही.

हे वाचून आमच्या सौभाग्यवतींनी देवघराचे दार लोटून घेतले. बंधूंनी 'दादा, तुम्ही म्हणाल ते' असे म्हणून हात झटकले. अखेर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मातोश्रींनी निकाल दिला. "तुझ्या वेळच्या बाळंतपणात वैद्यांनी मला महिनाभर द्राक्षासव दिले होते. ते काय साखरपाणी होते?" आम्ही निरुत्तर झालो. धायटीची फुले घालून आंबविलेल्या त्या आसवात मद्यांश आपोआपच उत्पन्न होतो, हे आम्हांस ठाऊक होते. इतकेच नव्हे, तर कापिशी नगरीवरून सिद्ध होणारा 'कापिशायन' शब्द पाणिनीने दिला आहे आणि कौटिल्यानेही द्राक्षांच्या मद्याची नावे त्यांच्या देशांवरून सांगितली आहेत, हेही आम्ही वर्गात अनेकदा शिकविले होते. परंतु शब्द जाणणे निराळे आणि बाटली पारखणे निराळे!

नाशिकजवळच्या एका वाइनरीत आमचा एक जुना विद्यार्थी मद्य सिद्ध करणाऱ्या मंडळींत आहे, हे आम्ही ऐकून होतो. त्याच्याकडे जाण्यास आमचे पाऊल सहसा उचलत नसे. त्याचे कारण पुढे येईलच. तरी निरुपायाने एसटीत बसलो. सावळघाटाच्या अलीकडचा आमचा मुलूख भाताचा, नागलीचा आणि मोहाच्या झाडांचा. घाट ओलांडून नाशिक जवळ येऊ लागले की द्राक्षमळे दिसू लागतात.

"गुरुजी, तुम्ही! आणि इकडे?" असे म्हणून त्याने वाकून नमस्कार केला. आम्ही हेतू सांगितला. निवृत्तिवेतनाची मर्यादाही सांगितली. तो म्हणाला, "अवघड नाही, गुरुजी. पण आधी थोडे पाहून घ्या."

त्याने एक काळे द्राक्ष चिरडून दाखविले. आतला रस जवळजवळ पांढरा! रंग असतो तो सालीत. साली-बियांसकट रस आंबविला म्हणजे तो तांबडा होतो आणि तुरटपणाही त्यात उतरतो. म्हणूनच आपण खातो ती मोठी, बिनबियांची द्राक्षे येथे चालत नाहीत. शिराझ, काबर्ने यांसारखी लहान, जाड सालीची, बियांची द्राक्षे लागतात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, असे त्यांचे वर्ष.

"आता किमतीचे," तो म्हणाला. "भारी बाटलीत बरेचसे पैसे ओकच्या लाकडाचे असतात. सव्वादोनशे लिटरचे पिंप परदेशातून येते आणि काही वेळा भरले की त्याचा गुण संपतो. रस तोलामोलाचा असेल तर तो खर्च शोभतो. नाहीतर दुबळ्या रसाला लाकडाचा वास, एवढेच. म्हणून नावाजलेल्या माणसाची साधी बाटली घ्यावी, अनोळखी माणसाची नटलेली घेऊ नये. ज्याला नाव राखायचे आहे, तो साध्या बाटलीतही हयगय करत नाही. लेबलावरचे वर्ष पाहावे. साधी तांबडी दोन-तीन वर्षांत संपवायची असते. दुकानात उन्हात उभी राहिलेली जुनी बाटली फुकट दिली तरी घेऊ नये. आणि फिरकीचे झाकण दिसले म्हणून नाक मुरडू नये."

नावाजलेली माणसे कोणती, असे आम्ही विचारले. त्याने सांगितले ते असे: राजीव सामंत यांनी १९९७ साली नाशिकजवळ वेली लावून सुलाचा पाया घातला आणि कॅलिफोर्नियाचे केरी डॅम्स्की यांचे साहाय्य घेतले. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले, तेव्हापासून या धंद्याने जोर धरला. गंगावऱ्ह्याच्या यॉर्कची वाइन ज्यांनी घडविली ते कैलाश गुरनानी ऑस्ट्रेलियात ही विद्या शिकून आले होते. अकलूजच्या फ्रातेल्लीची वाइन इटलीचे पिएरो मासी यांनी घडविली. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावास तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ते ऐकून आम्हांस कापिशायनाचे स्मरण झाले. स्थळाचे नाव मद्यास देण्याची चाल पुन्हा आमच्या दाराशी आली होती.

मग त्याने दोन पेले आमच्यापुढे ठेवले. "प्यायचे नाही, गुरुजी, नुसता वास घेऊन फरक सांगा." आम्ही हुंगले आणि म्हणालो, "दोन्हींना दारूचाच वास येतो." तो हसला, मग क्षणभर थांबून म्हणाला, "सहावीत असताना तुम्ही मला दिवसभर वर्गाबाहेर उभे केले होते. आठवते?"

वाचकहो, आमचे पाऊल अडत होते ते याचसाठी. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी, ऐन चैत्रात, मोहाच्या दारूचा वास येतो म्हणून आम्ही या मुलास उंबऱ्याबाहेर उभे केले होते आणि मद्यपानाच्या निषेधाचे सुभाषित साऱ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेतले होते. पुढे तो महिनाभर शाळेत आला नव्हता.

"तो वास दारूचा नव्हता, गुरुजी. आईने घरभर मोहाची फुले वाळत घातली होती. मी त्यांच्याजवळच निजलो होतो. आंबलेल्या फुलांचा वास निराळा, वाळत्या फुलांचा निराळा. इथे मला ठेवले ते या नाकासाठीच."

त्याच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. 'माझे चुकले' हे शब्द आम्ही उच्चारले. उभ्या मास्तरकीत विद्यार्थ्यापुढे ते उच्चारण्याचा आम्हांस तो पहिलाच प्रसंग.

त्याने निवडून दिलेली बाटली साध्या शिराझची, आणि तीही त्याच्या वाइनरीची नव्हे, दुसऱ्या घराण्याची. "यंदाची त्यांची अधिक चांगली साधली आहे," एवढेच तो म्हणाला. ही जाहिरात नव्हे, म्हणून त्या घराण्याचे नाव येथे देत नाही. कायद्यास लागणारा एक दिवसाचा परवाना काढून, बाटली धोतराच्या घडीत गुंडाळून आम्ही पेठ गाठले.

व्याह्यांनी माडीवर पेला नाकाशी धरला, डोळे मिटले आणि ही कोणी निवडली, असे विचारले. पुतण्याने भाषांतर करताच मातोश्री म्हणाल्या, "त्या मुलाला एकदा घरी जेवायला बोलाव. तुझ्या हातून राहिलेले ते."

भाऊबिजेनंतर तो आला आणि आमच्या पंगतीस आमच्या शेजारच्या पाटावर बसला. जेवणानंतर त्याने पिशवीतून फडक्यात बांधलेली मोहाची वाळलेली फुले काढून मातोश्रींपुढे ठेवली. त्यांनी ओंजळभर उचलली, हुंगली आणि आमच्याकडे पाहिले.

"अरे, याला तर मनुकांचा वास येतो!"

आम्ही हुंगून पाहिले. खरोखरच येत होता.