तेवीस मजल्यांची एअर इंडिया

आमच्या घाटकोपरात आता तेवीस मजल्यांचे कोणाला अप्रूप नाही. असल्फ्याच्या टेकडीवर एकावर एक चढलेली रंगीत घरे मेट्रोतून दिसतात आणि आसपास त्यांनाही झाकून टाकणारे टॉवर उठत आहेत. मुले मजले मोजायचाही कंटाळा करतात. पण गोळीबार रोडच्या जुन्या माणसांपुढे उंच इमारतीचा विषय काढा. ती अजून एकच नाव घेतात, नरिमन पॉइंटच्या ‘एअर इंडिया बिल्डिंग’चे.

घाटकोपरहून फास्ट लोकलने सीएसएमटी आणि तिथून शेअर टॅक्सी, एवढाच रस्ता. मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला, समुद्राकडे तोंड करून ही पांढरी इमारत उभी आहे. 1974 साली ती पूर्ण झाली. आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी यांचा. जमीन समुद्रात भराव घालून मिळवलेली. गंमत अशी की समुद्र हटवण्याच्या जुन्या योजनेतील गैरकारभार ज्या खुर्शेद नरिमन यांनी 1920च्या दशकात चव्हाट्यावर आणला, त्यांचेच नाव या भरावाच्या जागेला मिळाले.

बाकी मुंबईसाठी ही विमान कंपनीची शान होती. आपल्या घरांसाठी तो आखाताचा दरवाजा होता. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून कुवेत, दुबई, सौदीला निघालेली माणसे आधी मुंबईत नातेवाइकांच्या खोलीत येऊन थांबत, कधी आठवडा, कधी दोन महिने. घरात रोज एकच सवाल असे : “तिकीट ओके झालं का?” माथ्यावरचे ते धनुर्धारी चिन्ह, अर्धा माणूस अर्धा घोडा, लिहिता-वाचता न येणाऱ्या आमच्या आजींनाही ओळखता येई. हजचेही तसेच. पूर्वी हाजी मुंबईहून जहाजाने जात. 1995 मध्ये जेद्दाचा तो सागरी प्रवास थांबला आणि आकाशाचाच रस्ता उरला.

1990च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा कितीतरी घरांत चूल पेटली नाही. फोन बंद, पत्र नाही. कुवेतमधले आपले लोक बस, ट्रक, मिळेल त्या वाहनाने जॉर्डनमधील अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाने त्यांना उचलले. 59 दिवस, 488 उड्डाणे, 1 लाख 11 हजारांहून अधिक माणसे. त्या वेळी कंपनीचे मुख्यालय याच इमारतीत होते. आमच्या मते या इमारतीची खरी उंची त्या दोन महिन्यांत दिसली.

मग तीनच वर्षांत तो काळा शुक्रवार आला. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993च्या दंगलींत या शहरात सुमारे 900 माणसे मारली गेली होती. त्यात मोठा वाटा आपल्या वस्त्यांचा होता. 12 मार्च 1993 रोजी बॉम्बस्फोटांची मालिका झाली, 257 जीव गेले. स्फोटांच्या जागांत ही इमारतही होती. इथे मेलेल्यांचा ना दंगलीशी संबंध होता, ना कोणाच्या सुडाशी. रमजानचा महिना होता. त्या रोज्यांची इफ्तारी कशी झाली, ते तेव्हाच्या कोणाही घाटकोपरकराला विचारावे. दंगलीतले आणि स्फोटातले मृत वेगवेगळ्या खात्यांत मांडणारा हिशेब आम्हाला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

पुढचा इतिहास कागदपत्रांचा आहे. 2013 मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले. 2022च्या जानेवारीत कंपनी टाटांकडे परतली, पण इमारत सरकारकडेच राहिली. 2012च्या आगीनंतर मंत्रालयाच्या अनेक कचेऱ्या विखुरल्या होत्या, राज्य सरकारला जागा हवीच होती. शेवटी 1601 कोटी रुपयांना ती राज्याने घेतली. 2024च्या मार्चमध्ये केंद्राने मंजुरी दिली.

पाहायला जायचे तर जुहर पढून निघावे, म्हणजे ऊन कलताना समुद्रासमोरच्या कट्ट्यावर जागा मिळते. सोबत आखातातून परतलेले कोणी बुजुर्ग असतील तर त्यांना समुद्राकडे नव्हे, इमारतीकडे तोंड करून बसवा. तिकीट कधी ओके झाले होते, ते त्यांना तारखेसकट आठवते.