मिठाची जागा

"सगळं कुठल्या कुठं नेऊन ठेवलंय!"

नांदेडात आमच्या भागातलं मोठं दुकान नूतनीकरणासाठी काही दिवस बंद होतं. ते पुन्हा उघडलं त्या संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या तोंडी हे वाक्य होतं. पुढं त्याला फाटे फुटत. कुणाला पांढरे दिवे आवडले होते, कुणाला रुंद वाटा. कॉलेजच्या पोरींना कपड्यांचा विभाग आवडला. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "बिलापाशी बसायला खुर्च्या ठेवल्या, हे फार चांगलं केलं." एक काकू मात्र पिशवी उघडून दाखवत म्हणाल्या, "बाकी सगळं मिळालं, मीठ काही सापडलं नाही."

मी बराच वेळ दारापाशी उभी राहून हे ऐकत होते. दुकानाविषयी लोक जे बोलतात ते मला नेहमीच मोलाचं वाटतं. निवडणुकीविषयी, सिनेमाविषयी माणूस पुष्कळदा ऐकीव बोलतो. दुकानाविषयी तो स्वतःच्या पायांनी चालून, स्वतःच्या हातांनी चाचपून आणि पदरचे पैसे मोजून बोलतो. पण हे मत दारातच विरून जातं. आत कुणी ते टिपून घेत नाही. दुकानाला फक्त बिलाचा आकडा कळतो.

पुढच्या आठवड्यात त्याच दुकानात एक म्हाताऱ्या मावशी दिसल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, ट्रॉली नाही. त्या आत आल्या, सरळ तिसऱ्या ओळीत वळल्या आणि न बघताच खालच्या फळीवर हात घातला. हाताला लागलं ते कॉर्नफ्लेक्सचं खोकं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, ठेवून दिलं, शेजारचं उचललं, तेही ठेवलं. मग फळीच्या कडेवरून तळहात सावकाश शेवटपर्यंत फिरवला. जवळच उभा असलेला गणवेशातला पोरगा भला होता. तो म्हणाला, "मावशी, मीठ मागं गेलं. वर लिहिलंय ना." मावशींनी मान वर केली. वर टांगलेल्या पाटीवर इंग्रजी अक्षरं होती.

मराठवाड्यातल्या दुकानात येणारी किती माणसं अशी आहेत! लोहा, मुदखेड, अर्धापूर, नायगावकडून दवाखान्याला किंवा कचेरीला आलेली माणसं परतीच्या एसटीआधी सामान घेऊन जातात. कुणाला अक्षर येत नाही, कुणाला येतं पण इंग्रजी येत नाही, कुणाचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे. ही माणसं पाट्या वाचून खरेदी करत नाहीत. त्यांनी दुकान पायांनी पाठ केलेलं असतं. तेलापासून चार पावलांवर डाळी, डाळीच्या वळणावर साखर, तिथून खाली मीठ. हे पाठांतर त्यांनी महिनोन् महिने येऊन-जाऊन मिळवलेलं असतं. एका रात्रीत मांडणी बदलली की ते सगळं वाया जातं. आणि मग चाळीस वर्षं घर चालवलेली बाई पोराएवढ्या माणसाला "मीठ कुठं आहे रे बाळा" असं विचारत फिरते. मला याचा राग येतो. चोरीला गेलेल्या वस्तूची तक्रार देता येते. या गेलेल्या गोष्टीची नोंद कुठं करायची?

यामागं धंद्याचं शास्त्र आहे, हे मला मान्य आहे. रोजच्या गरजेच्या वस्तू मागं ठेवायच्या, म्हणजे गिऱ्हाईक तिथवर जाताना बाकी सगळं बघतं. मांडणी अधूनमधून हलवायची, म्हणजे सवयीनं चालणारी नजर जागी होते आणि यादीत नसलेलं काहीतरी ट्रॉलीत पडतं. ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत मेम्फिस गावात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसानं १९१६ साली 'पिगली विगली' हे दुकान काढलं. तोवर तिकडंही आपल्यासारखंच होतं: फळीमागं दुकानदार, फळीपुढं गिऱ्हाईक. सॉन्डर्सनं फळी काढली आणि गिऱ्हाइकाला आत घेतलं. पण आत घेतलं ते एका फिरत्या फाटकातून, आणि वाटही एकच ठेवली. सगळ्या कपाटांसमोरून वळणं घेत गेल्याशिवाय पैसे द्यायच्या जागी पोचताच येत नसे. या मांडणीचं पेटंट त्याला १९१७ मध्ये मिळालं.

१९१७ हे साल वाचलं आणि मी थबकले. माझं माहेर लातूरचं. गंजगोलाईची मुख्य इमारत बांधली गेली तीही १९१७ साली, असं लातूर जिल्ह्याची सरकारी माहिती सांगते. लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. गोलाईचा आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल दुमजली इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. रस्त्यारस्त्याला वेगळा बाजार: सोनं एकीकडं, चपला एकीकडं, मिरची-गुळापासूनचं खाण्याचं सामान आणखी एकीकडं. एकाच सुमारास जगाच्या दोन टोकांना दोन माणसांनी बाजार कसा मांडावा याचं उत्तर दिलं. मेम्फिसच्या माणसानं एक वाट दिली आणि सगळं बघायला लावलं. आमच्या गोलाईनं सोळा वाटा दिल्या आणि तुला हवं तिथं जा म्हटलं.

लहानपणी आईचा हात धरून मी त्या गोलाईत हिंडले आहे. मिरचीचा रस्ता आला हे सांगायला पाटी लागत नसे, ठसका लागायचा. गुळाच्या दुकानांपुढं गांधीलमाश्या घोंगावत असत. आई तुरीची डाळ पोत्यातून मूठभर उचलायची, तळहातावर पसरून बोटानं घोळवायची, एक दाणा दाताखाली धरायची आणि मग "दुसरी दाखवा" म्हणायची. लातूर हे तुरीचं आणि डाळ गिरण्यांचं गाव. तिथं बायका डाळ विकत घ्यायच्या आधी तिची परीक्षा घेतात. गोलाईत दुकानं बदलली, पिढ्या बदलल्या, बोर्ड तर कितीदा बदलले असतील. पण बाजाराची मांडणी माणसांच्या ओळखीची राहिली. म्हणून त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किल्लारीकडून उठून शहरात आलेल्या बाईलासुद्धा तिथं वाट विचारायची पाळी आली नसेल, असं मला वाटतं.

गिऱ्हाइकाचा स्वभाव ओळखून मांडणी करणारा एक माणूस आपल्याकडं अलीकडंही निघाला. किशोर बियाणींनी २००१ मध्ये बिग बझार सुरू केलं. परदेशी दुकानांची चकचकीत, रिकामी वाट आपल्या माणसाला बुजवते, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून त्यांनी दुकानात मुद्दाम गर्दी, गलका, धान्याचे उघडे ढीग ठेवले. २००७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं यावर मोठी बातमी छापली होती: हा दुकानदार पैसे खर्चून आपलं दुकान जास्त पसाऱ्याचं करतो आहे! मला ते फार शहाणपणाचं वाटतं. हात घालून धान्य बघायला मिळालं की आमच्याकडच्या बाईचा निम्मा संकोच तिथंच जातो.

त्या बिग बझारचं पुढं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. कर्ज वाढलं, भाडी थकली, अॅमेझॉनशी कज्जे झाले आणि फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रिलायन्सनं दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. देशभर शटर खाली आली, निळ्या-केशरी पाट्या उतरल्या आणि पुढं त्यातल्या कित्येक जागी 'स्मार्ट बझार' अशी नवी पाटी चढली. या मोठ्या उलथापालथीत न्यायालयांचं, बँकांचं, कंपन्यांचं म्हणणं रोज छापून येत होतं. दर बुधवारी स्वस्ताईसाठी जाणाऱ्या बायकांचं म्हणणं मात्र कुठं वाचल्याचं मला आठवत नाही. नाव बदललं म्हणून त्या रुसल्या नाहीत. त्यांचे प्रश्न साधे होते. जुने पॉइंट चालतील का? ओळखीची बिलावरची मुलगी राहिली का, तिची नोकरी टिकली का? हे दुसरं विचारणाऱ्या बायका मी स्वतः ऐकल्या आहेत, आणि त्या प्रश्नानं मला भरून आलं होतं.

गिऱ्हाईक बोललं तर मोठ्या कंपन्यांनाही मागं फिरावं लागतं. अमेरिकेत २००९ मध्ये ट्रॉपिकाना संत्रारसाच्या खोक्याचं रूप पालटलं, तेव्हा लोकांना आपला नेहमीचा रस फळीवर ओळखू येईना. तक्रारी येऊ लागल्या आणि दोन महिन्यांच्या आत जुनं खोकं परत आणायचं कंपनीनं जाहीर केलं. पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगी इतकी वर्षं तिथंच का आहे, हे खेड्यातल्या कुठल्याही टपरीवर उभं राहिलं की उमगतं. नाव न वाचता पोरगं बोट दाखवतं.

मी जुन्याची भक्त नाही. फळीमागच्या दुकानाची दुसरी बाजू मला चांगली ठाऊक आहे. मोंढ्यातल्या किराणा दुकानात यादी जायची ती पुरुषाच्या हातून, सामान यायचं ते हमालाच्या डोक्यावरून, आणि भाव काय लागला हे सुनेला कधी कळायचंच नाही. वहीवरची उधारी अडल्या-नडल्याला तारायची हे खरं, पण तीच वही चारचौघांत उघडून माणसाचा पाणउतारा करायलाही कमी करायची नाही. आणि कोणाला पायरीवर घ्यायचं, कोणाला खालीच उभं ठेवायचं, हेही या मुलखातल्या फळ्यांनी ठरवलेलं आहे. मोठ्या दुकानानं हे मोडलं. तिथं भाव छापलेला असतो आणि तो सगळ्यांना सारखा असतो. नांदेडात, लातुरात डी मार्ट आल्यावर सासू-सुना दोघी मिळून महिन्याचं सामान भरू लागल्या. दोन पुडे शेजारी धरून वजन आणि किंमत ताडणारी सून मी बघते, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. म्हणूनच तर ही दुकानं चांगली व्हावीत अशी कळकळ आहे.

पाट्यांचंच घ्या. दुकानाचं नाव देवनागरीत, दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरात हवं, अशी दुरुस्ती राज्यानं २०२२ मध्ये कायद्यात केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. बाहेरच्या पाट्या बदलल्या, छान झालं. पण दाराच्या आत पाऊल टाकलं की मराठी संपते. डोक्यावर 'स्टेपल्स', 'होम केअर', 'पर्सनल केअर', तेही इंग्रजी लिपीत. ज्या नांदेडात गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गुरुमुखी, देगलूर नाक्याला उर्दू अशा पाट्या लोक सहज वाचत आले, धर्माबाद-बिलोलीची माणसं तेलुगूही बोलतात, त्या गावाला दोन-तीन लिप्यांत 'मीठ' लिहिणं जड नाही. शेजारी मिठाच्या पुड्याचं चित्र काढा, म्हणजे लिपीचाही प्रश्न उरत नाही.

कापडी पिशवीचे पैसे न सांगता बिलात लावू नयेत, गिऱ्हाइकाला ते आधी कळलं पाहिजे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये बिग बझारच्याच प्रकरणात सांगितलं. काही रुपयांच्या पिशवीसाठी आधी कळवणं योग्य ठरत असेल, तर सगळं दुकान उलटंपालटं करताना आठ दिवस आधी दारात एक नकाशा लावायला काय हरकत आहे? नवी मांडणी झाल्यावर पंधरा दिवस दारापाशी इथलीच भाषा बोलणारा एक माणूस उभा करावा. आणि बदल ठरवायच्या आधी त्या भागातल्या दहा-वीस बायकांना बोलावून विचारावं.

त्या काय सांगतील, याचा नमुना मला गेल्या हिवाळ्यात लातुरात मिळाला. येळवस तोंडावर आली होती. मार्गशीर्षातल्या या अवसेला आमच्याकडं गाव ओस पडतं, बाजार बंद राहतो, सगळे शेतात जाऊन भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे खातात. आदल्या दोन दिवसांत गोलाई हिरव्या तुरीच्या शेंगांनी, हरभऱ्याच्या डहाळ्यांनी, वाटाण्यानं, मेथीनं भरून गेली होती. मोठ्या दुकानात मात्र दारापाशीच्या सणाच्या टेबलावर केक आणि चॉकलेटं होती, कारण ते टेबल दूरच्या कचेरीतून ठरतं. माझ्या वहिनी तिथं थांबल्या. मग शेजारच्या दोघी थांबल्या आणि तिघी मिळून त्या टेबलाची फेरमांडणी तोंडानंच करू लागल्या. बेसन आणि ज्वारीचं पीठ शेजारी ठेवा. चिंच खालच्या फळीवर नको, म्हाताऱ्या माणसाला वाकवत नाही. बाजरी सुटी ठेवा, हात घालून बघता आली पाहिजे. करडीचं तेल एवढुसं का, येळवशीला आम्हाला तेच लागतं. ताकाचे डबे फ्रिजमधून पुढं आणा, आंबिलीला घडाभर ताक लागतं, आणि हे सगळं अवसेच्या चार दिवस आधी मांडा, आदल्या दिवशी आम्हाला शेंगा सोलायच्या असतात.