मागच्या सीटवर कोण बसणार?

मुलांनो, तुमच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं, तर सगळ्यात आधी तुम्ही काय विचाराल? रंग कुठला, हो ना? आमच्या चिंगीनेही आधी तेच विचारलं होतं. पण त्यानंतर तिने आणखी एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाने आमचे कष्टाचे पैसे वाचले. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते. त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगते.

आम्ही राहतो केशोरीला. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव. आजूबाजूला जंगल, जवळच इटियाडोहचं धरण, आणि शेतात धान नि मिरची. आमच्याकडची मिरची कधी खाल्लीत का? नसेल, तर पहिल्यांदा जरा जपूनच! घरात आम्ही सात माणसं. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, चिंगीचे बाबा, मी, माझे दीर, जाऊबाई, सहावीतली चिंगी आणि तिसरीतला तिचा चुलतभाऊ बाळ्या. मी शाळेत शिकवते, दीर शेती बघतात.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि रात्रभर नाटक रंगतं. पण जायचं कसं? घरात दोन मोटारसायकली. सात माणसं दोन मोटारसायकलींवर बसत नाहीत, हे गणित बाळ्यालाही येतं. म्हणून दर वेळी आजी घरी राहायची. "मले नाही पाहायचं नाटक, तुम्ही जा," म्हणायची. पाहायचं असायचं तिला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा नाटक बघून पहाटे परत येत होतो. बाळ्या आई-बाबांच्या मध्ये बसल्या बसल्या झोपला आणि एका वळणावर बाजूला कलंडला. जाऊबाईंनी त्याला धरलं म्हणून बरं! घरी आल्यावर आजीला कळलं. ती एवढंच म्हणाली, "यंदा मिरचीचे पैसे आले का गाडी पाहा. लेकरं अशी नेऊ नका."

आता सात जणांची गाडी म्हणजे तीन रांगांची. अशी मोठी गाडी नवी घ्यायची तर आमच्या ऐपतीबाहेर. म्हणून ठरलं, जुनी घ्यायची. मिरचीचे पैसे, माझ्या पगारातली शिल्लक आणि जाऊबाईंच्या बचत गटातले थोडे, असे मिळून साडेसहा लाख रुपये जमले. ते किती वर्षांचे होते, ते आम्हालाच माहीत!

तीन रांगांच्या गाड्या आमच्या भागाला नव्या नाहीत बरं. मी लहान होते तेव्हा कमांडर जीप असायची. पुढे मोठी माणसं, मध्ये बायका आणि अगदी मागे पोरं नि बोचकी. मग १९९४ साली टाटा सुमो आली. सुमो हे नाव जपानी पहिलवानांवरून पडलं, असं तुम्हाला वाटत असेल. पण ते सुमंत मुळगावकर या मराठी इंजिनीअरच्या नावातली सुरुवातीची अक्षरं घेऊन केलेलं आहे. टाटांचा मोटारींचा कारखाना उभा करणारे हेच ते मुळगावकर. तर जीप गेली, सुमो आली, आता सुमोही बनत नाही. एक गोष्ट मात्र बदलली नाही. पोरं मागेच!

एका रविवारी आम्ही सगळे शहरात गाडी बघायला गेलो. तिथल्या एका दलालाकडे पांढरीशुभ्र गाडी उभी होती. आरशासारखी चकचकीत, आत अत्तराचा घमघमाट, आणि किंमत आमच्या अंदाजापेक्षा पाऊण लाखाने कमी! चिंगीच्या बाबांनी बॉनेट उघडून बघितलं. दीर ड्रायव्हरच्या जागेवर बसले. आजीला पुढे बसवलं, तिला गादी आवडली. मी तर मनातल्या मनात गाडीला हारसुद्धा घातला! बयाणा म्हणून अकरा हजार रुपये मोजायला काढले. तेवढ्यात चिंगीने विचारलं, "पण आम्ही कुठे बसणार?"

दलाल हसला. "मुलांचं काय, बसतील मागे कुठंही."

चिंगी खरंच मागे गेली. मधली सीट दुमडून तिसऱ्या रांगेत शिरली, बाळ्याही तिच्या मागोमाग. तिने पट्टा ओढला. तो अडकत होता. तिने जोर लावून तो पार शेवटपर्यंत बाहेर काढला आणि ओरडली, "आई, इथे चिखल आहे!"

मी काय केलं असेल? मी डोळे वटारले. म्हटलं, "मोठी माणसं बोलतात तेव्हा मध्ये बोलू नये." वर्गात रोज "शंका विचारा, शंका विचारा" म्हणणारी मी! चिंगी गप्प बसली. पण बाळ्या कसला गप्प बसतो! तो म्हणाला, "मोठीआई, इकडे बांधीसारखा वास येते."

बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं खाचर. बांधीचा वास म्हटल्यावर दीर उठले आणि मागे गेले. पट्ट्याच्या टोकाला मातकट रंगाची आडवी रेघ होती. त्यांनी सीटखालचा गालिचा उचलला. खाली वाळलेला गाळ आणि सीटचे पाय गंजलेले. दलाल म्हणाला, "पावसाचं पाणी लागलं असेल हो." दीर शांतपणे म्हणाले, "पावसानं ओल येते दादा, गाळ नाही येत."

ती गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी होती. पूर आम्हाला नवा नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा पाणी ओसरल्यावर भिंतींवर अशाच रेघा राहिल्या होत्या. भिंत धुता येते. पण गाडीत जागोजागी तारा, जोड आणि छोटी छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रं असतात. पाणी शिरलं की ती आतून हळूहळू गंजतात. आज गाडी छान चालते आणि सहा महिन्यांनी चालता चालता बंद पडते. अपघातात फुगायची ती हवेची पिशवीही ऐन वेळी दगा देऊ शकते. अत्तर कशासाठी होतं, ते आता आम्हाला कळलं!

पैसे पुन्हा पिशवीत गेले. परतताना बसमध्ये कोणी फार बोललं नाही. मी चिंगीला जवळ घेतलं आणि म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी आम्ही पण तपासायचं?" आता नाही कसं म्हणणार?

पुढची गाडी बघायला जाण्याआधी आम्ही वहीच्या एका पानावर यादी केली. अर्जुनीच्या ओळखीच्या मिस्त्रींनी त्यात भर घातली. त्यातल्या काही गोष्टी तुम्हालाही करता येतील अशा आहेत. सांगते.

पहिली गोष्ट, लोहचुंबक. प्रयोगपेटीतलं साधं लोहचुंबक घ्या, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळा आणि गाडीच्या पत्र्यावरून फिरवा. पत्रा लोखंडी असेल, तर ते चिकटतं. अपघातात चेपलेली जागा लुकण भरून वर रंग दिला असेल, तर तिथे नीट चिकटत नाही. बंपर मात्र प्लॅस्टिकचे असतात. तिथे चिकटलं नाही, तर मालकावर संशय घेऊ नका!

दुसरी गोष्ट, टायरचा जन्म. टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत असतात. समजा ३२१९ असे आहेत, तर तो टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी छान दिसत असली, तरी रबर वयाने कडक होतं. राखीव चाकही बघायचं. ते कोणीच बघत नाही.

तिसरी गोष्ट, थंड इंजिन. मालकाला आधीच सांगायचं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. जुनं इंजिन तापलेलं असलं की आपल्या खोड्या लपवतं. सुरू केल्यावर एकाने मागे उभं राहून धूर बघायचा, पण जरा दूरून हं! निळसर धूर म्हणजे आत ऑइल जळतंय. दाट काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ निघाला तर चालतो. पण इंजिन तापल्यावरही निघत राहिला, तर मिस्त्रींना विचारायचं.

आणि चौथी, कागदपत्रं. हे मोठ्यांचं काम, पण तुम्ही शेजारी बसून ताडून बघू शकता. आरसी बुकातला चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर एकच हवा. गाडीवर बँकेचं कर्ज होतं का? असल्यास ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. व्यवहार झाल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. विमाही नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायचा. "करू सावकाश" म्हणणाऱ्यांची पुढे फार धावपळ होते. शिवाय घरगुती गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून ती पुन्हा करून घ्यावी लागते. म्हणून गाडीचं वय आधीच मोजायचं.

ही यादी घेऊन आम्ही भंडाऱ्याला गेलो. तिथल्या एका निवृत्त गृहस्थांना त्यांची २०१७ ची महिंद्राची एक्सयूव्ही ५०० विकायची होती. २०११ ला आलेली ही गाडी २०२१ पासून बनत नाही. म्हणून सुटे भाग मिळतात ना, हे मिस्त्रींना आधीच विचारून ठेवलं होतं. गृहस्थांनी चहाच्या आधी एक फाइल समोर ठेवली. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती तारखेनुसार लावलेली. मग स्वतःच म्हणाले, "डावा मागचा दरवाजा एकदा बैलगाडीला घासला होता. रंग नवा आहे, बघून घ्या." चिंगीने लोहचुंबक फिरवलं. त्यांनी सांगितलं तिथेच ते सुटलं, बाकी सगळीकडे चिकटलं. जुन्या वस्तूत एखादा दोष असायचाच. तो मालकाने आपणहून सांगितला, यानेच आम्हाला धीर आला.

मिस्त्रींनी गाडी खालून-वरून बघितली, दीरांनी चालवून बघितली. चिंगी आणि बाळ्या मात्र सरळ तिसऱ्या रांगेत. पट्टे शेवटपर्यंत ओढले. स्वच्छ! सोडल्यावर सर्रकन आत गेले. राखीव चाकाचा टायर गाडीच्याच वयाचा निघाला, तो दाखवल्यावर किंमत चार हजारांनी उतरली. चिंगीची पहिली कमाईच म्हणा ना!

पण खरं सांगायचं तर तिसरी रांग आमच्या मनासारखी नाही. तिथे मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात. सातही जण बसले की मागे सामानाला जागाच उरत नाही. तांदळाचं पोतं न्यायचं, तर एक सीट पाडावी लागते. आणि मागून कोणी धडकलं, तर मागचं दार आणि तिथे बसलेली मुलं यांत फार अंतर नसतं. काही गाड्यांत तर ही रांग आडवी, समोरासमोरच्या बाकांची असते. ती आम्ही यादीतूनच काढून टाकली होती.

म्हणून घरी आल्यावर आजीने कायदा केला. मागच्या दोन पट्ट्यांचा "टक्" असा आवाज ऐकू आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. सरकारचा कायदाही आहेच. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय नेलं, तर हजार रुपये दंड. पण आमच्याकडे आजीचा धाक जास्त!

गाडी आल्यावर महाशिवरात्रीला आम्ही सगळे प्रतापगडच्या यात्रेला गेलो. सातही जण, एकदम. आजी पुढे बसली होती. निघताना तिने मान वळवून विचारलं, "लेकरांनो, टक् झालं का?" मागून दोनदा "टक्" आलं आणि मग गाडी हलली.

तर मुलांनो, आता तुमची पाळी. तुमच्या घरी गाडी असेल, नाहीतर शाळेची व्हॅन असेल. उभ्या गाडीत, मोठ्यांना सांगून, अगदी शेवटच्या सीटवर जाऊन बसा. पट्टा आहे का? तो पूर्ण बाहेर येतो का? पुन्हा आत जातो का? काही बिघडलेलं दिसलं, तर लगेच सांगा. आणि आई-बाबांनो, मुलं सांगतील तेव्हा माझ्यासारखे डोळे वटारू नका. एकदा मागे जाऊन बघा.