मीटरचे खालचे टोक

आवाजाचे संकलन शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो लाल रंगाचा. लेव्हल मीटरची पट्टी शून्य डेसिबलच्या वर जाऊ लागली की आवाज फाटतो. धडा खराच आहे. पण त्याने सगळ्यांची नजर वरच्या टोकाला खिळते. छत्रपती संभाजीनगरात घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्याची फसगत बहुतेकदा खालच्या टोकाला होते.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. सिडकोतल्या एखाद्या खोलीत बोलणाऱ्याने आपला कूलर बंद केला, तरी शेजारच्या खिडकीतला चालूच असतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मीटरचा पल्ला उणे ३६ पासून उणे १४५ डेसिबलपर्यंत निवडता येतो. तो उणे ३६ वर असेल, तर उणे ५० ची घरघर पट्टीवर उमटतच नाही. बोलणे थांबले की पट्टी रिकामी, आणि खोली शांत आहे असा समज होतो. पुढे आवाजातले चढउतार कमी करणारा कॉम्प्रेसर लावून एकूण पातळी वर उचलली, की दोन वाक्यांच्या मधे कूलर ऐकू येऊ लागतो.

म्हणून मुद्रणाआधी पल्ला उणे ९६ वर न्यावा आणि कुणीही न बोलता मिनिटभर पट्टीकडे पाहत राहावे. एका बिटला साधारण ६ डेसिबल, म्हणजे १६ बिटांत मावणारा हा सगळा पल्ला. मग बोलण्याची शिखरे उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान ठेवली, की बोलणे आणि घरघर यांत किती अंतर आहे ते समोर दिसते.

शिखर आणि सरासरी हा वेगळा प्रश्न. १९३९ च्या व्हीयू मीटरचा काटा मुद्दाम मंद ठेवला होता. त्याला आकड्यापर्यंत चढायला ३०० मिलिसेकंद लागत. शिखरे त्याच्या हातून निसटत, पण बोलण्याचा भर तो बरा दाखवी. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही वाचने शेजारी मिळतात.

तरीही पट्टीला कान नसतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या गेल्या, त्यांत परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही आहेत. जाते फिरत असताना ओवी मुद्रित करायची, तर त्याची खर्जातली घरघर सरासरी फुगवते आणि गाणाऱ्या बाईचा आवाज मीटरवर आहे त्याहून मोठा भासतो. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवलेली मोजणी, जिचे एकक एलयूएफएस, हा खर्ज आधी कमी करते आणि मगच मोजते. ओव्यांसाठी तीच विश्वासाची.

जाते मात्र पुसू नये. लय त्याच्याच फेऱ्यांवर चालते. फिल्टर लावायचाच तर ४० हर्ट्झच्या खाली लावावा आणि दगडाची घासण तशीच राहू द्यावी.